बार एकशे बारा, डावा हात

अकरा नंबरने एकशे बाराव्या बारमध्ये डाव्या हाताचा एक स्वर चुकीचा वाजवला आणि मला बरं वाटलं. कालपासून तीच रचना मी अकराव्यांदा ऐकत होते. या फेरीत बारा जण होते. प्रत्येकाला आपापल्या पसंतीचं काही वाजवायची मुभा होती, पण ही एक चौदा मिनिटांची रचना सगळ्यांना सक्तीची होती. स्पर्धेसाठी मुद्दाम लिहवून घेतलेली, म्हणजे कुणी कधीच न ऐकलेली. सहा महिन्यांपूर्वी तिच्या छापील प्रती बारा जणांच्या घरी गेल्या आणि जगाच्या बारा कोपऱ्यांत बारा माणसं त्या पानांच्या नावाने बोटं मोडत बसली. ती पानं मी जुळवलेली. छापील संगीतातली प्रत्येक रेघ, प्रत्येक ठिपका, प्रत्येक विराम कुणीतरी एकेक करून जागेवर बसवावा लागतो हे लोकांच्या गावीही नसतं. त्यांना वाटतं, संगीतकार लिहितो आणि ते आपोआप छापून येतं. तेहेतीस वर्षं मी हे काम करते आहे. मला पियानो वाजवता येत नाही, पण वाचता इतका येतो की ऐकताना डोळ्यांपुढून पान सरकत जातं, आणि वाजवणारा कुठे घसरला ते मला परीक्षकांच्या आधी कळतं. दहा जणांनी तो स्वर बिनचूक वाजवला होता, म्हणजे मी छापला तसा. अकरा नंबरने काळी पट्टी सोडून शेजारची पांढरी वाजवली, कोमलाऐवजी शुद्ध. एवढंच. सभागृहातल्या तीनशे माणसांपैकी बहुतेकांना पत्ताही लागला नसेल. परीक्षकांच्या टेबलावर मात्र पाच पेन्सिली एकदम हलल्या. आणि मी चौदाव्या रांगेतल्या माझ्या खुर्चीत मागे टेकले. दोन बार पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे बरं वाटणं काही बरं नाही.

पहिला विचार आला तो माझ्या स्वभावाचा. दुसऱ्याची चूक सापडली की मला आनंद होतो हे काही गुपित नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, बँकेचं पत्र, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, काहीही वाचताना माझा डोळा आधी चूक शोधतो आणि मग मजकूर. आमचे हे अजून चारचौघांत सांगतात की लग्नाआधी ही माझी पत्रं लाल खुणा करून परत पाठवायची. एकच पाठवलं होतं, आणि त्यात खरोखर तीन चुका होत्या. प्रकाशकांकडे माझं नाव भिंगबाई पडलं आहे आणि त्या नावाने कुणी हाक मारली तरी मी ओ देते. या स्पर्धेला मी मुद्दाम येऊन बसते ती त्याच हौसेने. इथे फक्त नवं संगीत वाजतं. ज्याचे रचनाकार अजून फोन उचलतात असं. त्यात कुणी पियानोच्या पोटात हात घालतं, कुणी झाकणावर मूठ आपटतं. आमचे हे एकदाच आले होते आणि मध्यंतरात मला म्हणाले, हा वाजवतोय की दुरुस्त करतोय? तर अशा संगीतात चूक पकडायची म्हणजे पान डोक्यात पक्कं हवं, आणि ते माझ्याइतकं कुणाच्या डोक्यात असणार? म्हणून मी आधी स्वतःला म्हटलं, बाई, तुझा जुना रोग. पण ते नव्हतं. दुसऱ्याची चूक सापडते तेव्हा मला टोचल्यासारखं होतं, झटकन, आणि मग गार वाटतं. हे तसं नव्हतं. चपलेत अडकलेला खडा दिवसभराने निघावा तसं हे होतं. म्हणजे खडा होता. दहाही वेळा त्या जागेपाशी मला काहीतरी खुपलं होतं, आणि दहाही वेळा मी त्याचं खापर दुसऱ्या कशावर तरी फोडलं होतं: खुर्चीवर, पंख्यावर, पुढे बसलेल्या माणसाच्या खोकल्यावर.

स्टेजवर अकरा नंबर शेवटाकडे निघाली होती. इथे स्पर्धकांची नावं सांगत नाहीत, परीक्षकांचं मन कलू नये म्हणून. पुस्तिकेत नुसता नंबर आणि वय. अकरा नंबर, वय एकोणतीस. तिशीनंतर भाग घेता येत नाही आणि स्पर्धा तीन वर्षांतून एकदा, म्हणजे हिची ही शेवटचीच. बाई ठेंगणी, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, वाजवताना चेहऱ्यावर काही नाही. बाकीचे चेहऱ्याने जे काय सोसत होते ते बघून मला त्यांना पाणी नेऊन द्यावंसं वाटत होतं. हिचा चेहरा भाजी निवडणाऱ्या बाईसारखा. शेवटचा स्वर विझेपर्यंत तिने पाय पायपट्टीवरून काढला नाही, मग उठली, वाकली, आणि टाळ्या चालू असताना क्षणभर स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. रागावून बघितलं. ते मला दिसलं आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

बारा नंबरला अजून अर्धा तास होता. बाहेर पाण्याच्या नळापाशी परीक्षकांच्या अध्यक्षबाई उभ्या होत्या आणि त्यांच्याशेजारी सर. सर म्हणजे या सक्तीच्या रचनेचे रचनाकार, वय एकोणऐंशी, परीक्षकांतलेही एक. त्यांच्या सगळ्या रचना मी जुळवल्या आहेत. अध्यक्षबाई म्हणत होत्या, "अकरा नंबर मला अंतिम फेरीच्या चारांत दिसत होती हो. पण एकशे बाराला इतकी उघडी चूक. सक्तीच्या रचनेत कागदावर आहे ते वाजवायचं, नाहीतर मग सक्ती कशाला?" सर म्हणाले, "मी पण दोन गुण कापले. कापावेच लागतात." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ते हसून म्हणाले, "आमच्या भिंगबाईंनी तर तिला फाशीच दिली असेल." मीही हसले. मला हसता आलं याचं मला चालताना नवल वाटत राहिलं, कारण तोवर मी सभागृहाच्या पायऱ्या उतरून घराच्या वाटेला लागले होते, कुणाला न सांगता, पर्स काखेत घट्ट दाबून.

घर बारा मिनिटांवर. मी त्या रस्त्याने हजारदा गेले असेन. कडेला सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, मग चष्मेवाला, मग दोन शाळा समोरासमोर. आज त्यातलं काही दिसलं नाही. मला आमचे बाबा दिसत होते. बाबा छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवणारे. एकेक अक्षर उलटं, शिशाचं, चिमटीत धरून ओळीत बसवायचं. संध्याकाळी घरी आले की बोटांची टोकं काळी आणि नजर कुठेतरी लांब. मी दहा-अकरा वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायला लागले, आणि त्यांनी मला मुद्रितं तपासायला शिकवलं ते एका अटीवर: डोळ्याला वाचू द्यायचं नाही, नुसतं बघायला लावायचं. "अर्थ लागला की चुकलीस," ते म्हणायचे. "वाचणारा माणूस कागदावर नसलेलंही वाचतो. लेखक 'पाऊस पड' एवढंच लिहून थांबला तर वाचणारा तिथे 'ला' वाचतो. आपण बघणारे. आपण 'पाऊस पड'च जुळवायचं आणि लेखकाला विचारायचं." मला तेव्हा ते हास्यास्पद वाटायचं. एवढं कळत असूनही विचारायचं? "कळत असलं तर आधी विचारायचं," बाबा म्हणायचे. त्यांच्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लागलं नाही, असं ते शेवटपर्यंत सांगत. मागच्या पानावर चिकटवलेली ती चिठोरी, अमुक पान, अमुक ओळ, 'याऐवजी हे वाचावे', तिला ते फार घाबरत. मी पण. तेहेतीस वर्षांत माझ्याही कुठल्या कामाला शुद्धिपत्र लागलेलं नाही. हे मी लोकांना सांगते. विचारलं नाही तरी सांगते.

आमचे हे टेबलाशी शब्दकोडं घेऊन बसले होते. हे निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर जमिनी मोजल्या. "लवकर आलीस? सापडली वाटतं कुणाची चूक," ते मान वर न करता म्हणाले.

"माझी," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी खालच्या कपाटातून सरांचं हस्तलिखित काढलं. ते हस्तलिखित सरांनी मला भेट दिलेलं, पहिल्या पानावर आशीर्वाद लिहून. म्हणजे ती पेन्सिलीने लिहिलेली पानं जगात एकाच घरात होती, माझ्या, चादरींच्या खाली. मी ती खिडकीशी नेली, भिंग घेतलं आणि एकशे चारपासून बघायला लागले. वाचायला नाही, बघायला.

दोन उभ्या रेघांच्या मधल्या तुकड्याला आम्ही बार म्हणतो. नवीन लग्न झालं तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं होतं की दिवसभर बार मोजत होते, आणि त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. तर एकशे चार ते एकशे अकरा या आठ बारांत डाव्या हाताला एकच घोळवण आहे: चार स्वर, पहिला आणि चौथा तोच, दोन्ही कोमल. दोन्हींच्या पुढे सरांनी कोमलाची ती बारकी खूण काढलेली, कारण त्यांचा नियमच तसा. जुन्या रिवाजात एकदा खूण केली की तो बार संपेपर्यंत ती चालते. नव्या लोकांनी तो रिवाज मोडला. खूण ज्या स्वरापुढे, त्याच एका स्वरापुरती, आणि खूण नसेल तर स्वर शुद्ध. हे वाक्य रचनेच्या पहिल्याच पानावर मी स्वतः जाड अक्षरात जुळवलं आहे. आठ बार कोमल आणि कोमल. नववा, एकशे बारावा: पहिला कोमल. चौथ्याच्या पुढे काही नाही. कागद कोरा. खोडलेलंही नाही, विसरलेलंही नाही. पेन्सिल त्या स्वरावर जरा जास्तच दाबलेली. आणि छापील प्रतीत तिथे कोमलाची खूण आहे, सुबक, नेमक्या उंचीवर बसवलेली. माझी.

मला तो दिवसही आठवला. दुपार होती, चहा गार झालेला, आणि मी मनात म्हटलं होतं, म्हातारा दमला आता, आठदा खुणा काढून नवव्यांदा विसरला. प्रेमाने म्हटलं होतं. आणि खूण घातली होती, जाता जाता, कुणाच्या शर्टाचं बटण लावून द्यावं तशी. त्या रचनेबद्दल मी सरांना तेवीस शंका लिहून पाठवल्या होत्या. हा विराम मोठा की छोटा, ही कमान कुठवर, हा ठिपका आहे की माशी. तेवीसही त्यांनी उत्तरं देऊन परत पाठवल्या. ही त्यांत नव्हती, कारण इथे मला शंका नव्हती. ज्याची खात्री नव्हती ते सगळं विचारलं आणि ज्याची खात्री होती तिथेच माती खाल्ली. नुसत्या निष्काळजी बाईकडून ही चूक झाली नसती. तिने दिसलं तसं जुळवून टाकलं असतं. ही चूक व्हायला तेहेतीस वर्षं लागतात. मला भयंकर लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत, आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी, सांगायला हरकत नाही, त्या नवव्या बारचं कौतुक वाटत होतं. आठ वेळा बंद आणि नवव्यांदा उघडा. काय जागा शोधली होती म्हाताऱ्याने. आणि मी ती शिवून टाकली होती.

"कुणाला कळलंय?" ह्यांनी विचारलं.

"नाही. सरांनी मुद्रितं तपासून सही केलीय. मोतीबिंदू काढायच्या आधी. त्यांनासुद्धा कळलेलं नाही."

"मग कायद्याने तू सुटलीस."

"हो."

"आम्ही मोजणीत चार बोटं इकडेतिकडे धरायचो," ते म्हणाले. "नाहीतर एकही शेजारी नीट नांदला नसता." मग जरा वेळाने, "ती मुलगी जाणार का यात?"

"जाईल. अर्ध्या गुणाचा खेळ असतो चौथ्या-पाचव्यात."

ह्यांनी पुन्हा पेन उचललं आणि मला म्हणाले, छत्री ने, भरून आलंय. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला कधी काय कर असं सांगत नाही, आणि म्हणूनच मला कधीकधी त्याचा राग येतो. मी पानं एका जाड पाकिटात घातली. छत्री विसरले.

परत येताना माझ्या मनात अकरा नंबरची एक मूर्ती तयार झाली होती. जिच्या कानाने छापील कागद झुगारून खरा स्वर ओळखला अशी. दहा जण आंधळ्यासारखे माझ्या खुणेमागे गेले आणि ही एकटी त्या आठ बारांचं म्हणणं ऐकून नवव्यात आपल्या पायांवर उभी राहिली. मी तिच्या बाजूने आत जाऊन काय बोलायचं तेही ठरवून टाकलं होतं. ती मला सरावाच्या खोल्यांच्या जिन्यात सापडली, पायरीवर बसून केळं खात होती. बाजूला बूट काढून ठेवलेले. मी तिला सांगितलं की मी ही रचना छापणारी, आणि मला एकच विचारायचंय, एकशे बाराला शुद्ध का वाजवलंस?

तिने केळ्याचं साल नीट मिटलं. "माहितीय मला, काकू. प्लीज तुम्ही तरी नका बोलू."

"मी बोलायला नाही आले. का वाजवलंस ते सांग."

"वाजवलं नाही हो. घसरलं. करंगळीला घाम आला होता, काळीवरून खाली पांढरीवर गेली. सहा महिने तो बार हजार वेळा वाजवलाय, एकदा चुकले नाही. आज बरोबर तिथेच." तिचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच सपाट होता. "आणि सगळ्यात चीड कशाची येते सांगू? ते चांगलं वाटलं. चुकलं आणि चांगलं वाटलं. पुढची दोन पानं मी त्याच नादात वाजवली."

माझ्या मूर्तीचे तुकडे झाले, आणि मला एकदम हलकं वाटलं, हेही लिहून ठेवते. कारण मग कुणावर अन्यायच झालेला नव्हता. तिने छापील कागद चुकीचा वाजवला होता, परीक्षकांनी त्या चुकीपायी गुण कापले होते, सगळं ठीक होतं. ती स्वतःच कबूल करत होती. मी ते पाकीट घेऊन घरी गेले असते तर कुणाच्याही केसाला धक्का लागला नसता. पाकीट पुन्हा चादरींच्या खाली, आणि माझी तेहेतीस वर्षं शाबूत. जिन्याच्या त्या पायरीवर उभं राहून मी हा विचार सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करून बघितला. त्याला कुठे भोक नव्हतं. फक्त एवढंच की चूक अजून तिथेच होती. बारा घरांत, बारा पियानोंवर, उद्या कदाचित शंभर, आणि ती जितक्यांदा वाजेल तितकी खरी होत जाणार होती. मुलीने काय केलं आणि का केलं हा मुलीचा प्रश्न होता. त्या कोऱ्या जागेवर काय केलं गेलं हा माझा होता.

"तू चुकून बरोबर वाजवलंस," मी तिला म्हटलं. तिला काही कळलं नाही. कळेपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता, वरती बारा नंबरच्या टाळ्या होऊन गेल्या होत्या आणि साडेचारला परीक्षकांची बैठक बसणार होती.

बैठकीच्या खोलीचं दार मी ठोठावलं आणि कुणी या म्हणायच्या आत उघडलं. लांब टेबल, पाच माणसं, पाच छापील प्रती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "भिंगबाई, आत्ता नाही. आत्ता इथे कुणीच यायचं नसतं."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "पण यादी केल्यावर सांगून उपयोग नाही. एकशे बाराव्या बारमध्ये छपाईची चूक आहे. चौथ्या स्वरापुढची कोमलाची खूण रचनाकाराने काढलेली नाही. मी घातली. न विचारता." एवढी चार वाक्यं बोलायला मला वाटलं होतं फार वेळ लागेल. लागला नाही. मी पाकिटातून पान काढून सरांच्या पुढे ठेवलं आणि त्यावर भिंग ठेवलं.

सर पानाकडे न बघताच म्हणाले, "छे. मला तिथे कोमलच हवा आहे. दोन दिवस ऐकतोय मी, किती छान बसतो."

"सर, दोन दिवस तुम्ही मला ऐकताय," मी म्हटलं. "हवं काय ते नंतर सांगा. लिहिलं काय ते आधी बघा."

आपल्याशी कुणी असं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी भिंग उचललं. एकशे चारवर बोट ठेवलं आणि पुटपुटल्यासारखे गुणगुणत एकेक बार पुढे सरकले; पाच, सहा, सात. एकशे बाराला त्यांचं गुणगुणणं थांबलं. बोट त्या दाबलेल्या पेन्सिलीवर राहिलं. मग त्यांनी तोच चौथा स्वर अगदी हळू, शुद्ध, म्हातारपणीच्या फाटक्या आवाजात लावला आणि खिडकीकडे बघत राहिले. "विसरलोच होतो," ते म्हणाले. "यासाठीच तर ते आठ होते." नंतर माझ्याकडे वळून, "मी सही केली होती ना?" मी म्हटलं, केली होती, पण खूण माझी.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या परीक्षकाने विचारलं, की ते ठीक आहे, पण अकरा नंबरकडे हे हस्तलिखित नव्हतं. तिने छापील कागदच सोडला ना? अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि मला विचारलं, "तिला हे माहीत होतं का, भिंगबाई? की नुसतं घसरलं? तुम्ही बोललात का तिच्याशी?"

पाचही जण माझ्याकडे बघत होते. खोटं मी बोलणार नव्हते. मला ते नीट येतही नाही. "तिने काय वाजवलं ते तुम्ही ऐकलंत," मी म्हटलं. "रचनाकाराने काय लिहिलं ते आता तुमच्यापुढे आहे. दोन्ही एकच आहे. का, ते मला विचारू नका. मी छापणारी आहे." आणि गप्प बसले. काही जागा कुणी भरायच्या नसतात, हे मला त्या दिवशी दुपारीच कळलं होतं. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. मग त्यांनी प्रतीवर एक उभी रेघ मारली. "एकशे बारावा बार सगळ्यांच्या बाबतीत बाद. गुण कापायचे नाहीत आणि वाढवायचेही नाहीत. अंतिम फेरीत ही रचना पुन्हा वाजणार आहे, चौघांना दुरुस्ती द्या. लेखी."

ते शुद्धिपत्र मी तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर उभी राहून लिहिलं. बार एकशे बारा, डावा हात, चौथा स्वर: कोमल याऐवजी शुद्ध वाचावे. खाली सही केली आणि सहीच्या खाली 'चूक जुळणीची' असं लिहिलं, कारण नाहीतर लोक सरांच्या वयाला हसले असते. बाबांची आठवण आली आणि थोडं रडूही आलं, पण ते बाहेर आल्यावर, हात धुवायच्या जागी. सहा वाजता फळ्यावर चार नंबर लागले. दोन, पाच, आठ, अकरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारही जणांच्या प्रतींना ती चिठोरी स्वतः चिकटवली. सरावाच्या तिसऱ्या खोलीत अकरा नंबर होती. तिने चिठोरी वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांना सांगितलंत का, घसरलं ते?"

"नाही."

ती लालबुंद झाली. "मग आता मला ते मुद्दाम वाजवायला लागणार."

"लागणार तर."

तिने एकशे चारपासून सुरुवात केली. आठ बार झरझर गेले आणि नवव्याला करंगळी मुकाट्याने काळीवर गेली. कोमल. तिने तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घेतलं, पुन्हा कोमल. सहा महिने मीच तिच्या बोटात भरलेलं, ते एका चिठोरीने कसं निघणार. मी दार लावून घेतलं आणि भिंतीकडची खुर्ची पियानोजवळ ओढली. ती म्हणाली, तुम्ही जा हवं तर, याला वेळ लागेल. मी म्हटलं, मला कुठे जायचंय? तिसऱ्यांदा कोमल, चौथ्यांदा कोमल. पाचव्यांदा बोट पांढरीवर पडलं, पण चाचरत, परवानगी मागितल्यासारखं, आणि ते अगदी वाईट वाजलं.

"चुकलं," ती म्हणाली.

"नाही. बरोबर आलं," मी म्हटलं. "चांगलं उद्यापर्यंत येईल."